एकोणतिसावं प्रकरण

"चारशे बारा पानं दाराआड कुणीतरी उभं आहे, आणि शेवटी कळतं की तो शेजारच्यांचा पोपट होता. लेखकाचा पत्ता द्यावा." — वाचकाचे मत, तासगाव.

*

लहानपणी आम्ही टाळ्यांचा खेळ खेळायचो. एकाला खोलीबाहेर काढायचं, त्याची काहीतरी वस्तू लपवायची आणि मग त्याला आत घ्यायचं. तो वस्तूच्या जवळ गेला की टाळ्या जोरात, लांब गेला की हळू. बोलायचं कुणीच नाही.

*

नियम ७. तक्रार कक्षातील कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाची तक्रार आपोआप दुसऱ्या टेबलाकडे जाईल.

*

बेळगावला आत्याच्या घरी गच्चीवर जायला दोन जिने आहेत. एक आतून, एक बाहेरून. स्वानंदीला हे पाचवीपासून आवडतं.

*

"शेवट पटला नाही. कारणे देता आली असती." — वाचनालयाच्या प्रतीतलं शेवटचं कोरं पान. पेन्सिल. अक्षर माझं.

*

मी निलाक्षी तेरदाळे. राहते मिरजेत, काम करते सांगलीला, काजळरेघ प्रकाशनाच्या तक्रार कक्षात. काजळरेघ फक्त भयकथा छापतं. छापतं म्हणायची सवय आहे. आता कागदावर काहीच निघत नाही. सगळं पाटीवर. पाटी म्हणजे वाचायची काच, वहीएवढी, प्रत्येक घरात माणशी एक.

स्वानंदी माझी मुलगी. सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. तिचे बाबा जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने. घरात आम्ही दोघीच.

ती सातवीत असल्यापासून आमचा एक नेम होता. शनिवारी वाचनालयात जायचं आणि जुनी, कागदाची, पिवळी पडलेली एक भयकथा आणायची. आधी तिनं वाचायची, मग मी, आणि मग शेवटच्या कोऱ्या पानावर दोघींनी पेन्सिलीनं मत लिहायचं. ही काही आमची कल्पना नव्हे. त्या पानावर आमच्या आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांतले लोक भांडत असत. 'शेवट भिकार.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तुम्हाला कळला नाही.' त्याखाली तिसरा, 'मला कळला, तरीही भिकार.' शेवटाबद्दल एक चांगला शब्द मी फार क्वचित पाहिला. पहिली तीनशे पानं लोक जीव मुठीत धरून वाचायचे आणि शेवटाला शिव्या घालून पुस्तक परत करायचे. पुढच्या शनिवारी त्याच लेखकाचं दुसरं मागायचे.

स्वानंदी लिहायची, 'भूत हुशार, माणसं ढ. शेवट भुतानं लिहायला हवा होता.' मी माझं ठरलेलं वाक्य लिहायचे. ती हसायची. "आई, तुझा शिक्काच करून आण ना."

मग मी तिचं मत पुन्हा एकदा वाचायचे. ती म्हणायची, "ते थांबव ना."

"काय?"

"काही नाही."

*

पाच तारे. शेवट बरोबर. नवऱ्याला वाचायला दिला नाही. — इस्लामपूर.

*

दोन वर्षांपूर्वी काजळरेघेनं 'पूर्ती' आणली. ती काय करते हे मला आमच्या कचेरीतल्या मगदूमांनी पहिल्या दिवशी समजावलं. दिगंबर मगदूम माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. वयानं पन्नाशीचे, डबा साडेबाराला उघडतात आणि जगात दुसरं काहीच वेळेवर होत नाही अशी त्यांची तक्रार असते.

"ताई, शेवट का फसतो?" त्यांनी विचारलं.

"लेखकाला घाई असते."

"नाही. मेंदू पैज लावत असतो. प्रत्येक वाक्यानंतर पुढं काय येणार याची पैज. दार बंद आहे तोवर पैज वाढत जाते. दाराआड काय आहे ते तुमचं तुम्ही भरता, तुमच्या मालानं. मग दार उघडतं आणि लेखकाचा माल बाहेर येतो. तो सगळ्यांसाठी शिवलेला. कुणालाच नीट बसत नाही."

पूर्ती दाराआड तुमचाच माल ठेवते. वाचताना मनगटाला एक पट्टी बांधायची. ती कातडीतला घाम मोजते, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते. पाटीतला डोळा तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघतो, तुम्ही कोणत्या शब्दावर थबकलात, कोणत्या ओळीवर मागं गेलात ते बघतो. कादंबरी चालू असताना पूर्ती बारीकसारीक बदल करून पाहते. तुमच्या पानावर जिन्यात बाई उभी असते, माझ्या पानावर बाप्या. तुमच्याकडे खिडकी, माझ्याकडे कपाट. कुठं नाडी हलली, कुठं नाही. एका कादंबरीत असे चार हजार प्रश्न ती विचारते आणि तुम्हाला एकही ऐकू येत नाही.

"टाळ्यांचा खेळ," मी म्हटलं.

"तोच. फक्त टाळ्या तुमचं शरीर वाजवतं, आणि लपवलेली वस्तू कुठाय हे तुम्हालाही ठाऊक नसतं."

तुम्ही सत्ताविसावं प्रकरण वाचत असता तेव्हा पूर्ती एकोणतिसावं लिहीत असते. एकट्या तुमच्यासाठी.

मतं बदलली. आधी दिवसाला सहाशे तक्रारी यायच्या, आता नऊ-दहा. बाकी सगळे पाच तारे आणि दोन शब्द: शेवट बरोबर. आधी लोक शेवटावर रस्त्यात, चहाच्या गाड्यावर भांडायचे. आता कुणी कुणाला शेवट सांगत नव्हतं. विचारणंही असभ्य मानलं जाऊ लागलं, पगार विचारण्यासारखं.

माझं काम उरलेल्या नऊ-दहांचं. वाचकाचा शेवट पाटीवर त्याच्याच डोळ्यांना उघडतो, दुसऱ्या कुणालाही नाही, कंपनीच्या मालकालाही नाही. वाचकानं एक किंवा दोन तारे देऊन तक्रार केली, तरच तो माझ्या टेबलावर उघडतो. मी वाचते आणि नेम कुठं चुकला ते टिपते. मग पूर्ती सुधारित शेवट बनवते, तो मी मंजूर करते किंवा थांबवते. सुधारित म्हणजे काय, हे आम्ही वाचकांना सांगत नाही. तक्रार आली याचा अर्थ पूर्ती एवढाच लावते की माल पुरेसा खोल नव्हता. ती आणखी खाली जाते.

*

दोन तारे. शेवट बरोबर आहे, पण आता मला गच्चीवर कपडे वाळत घालायला जाता येत नाही. कपडे कुठं घालायचे ते तरी कळवा. — विटा.

*

एप्रिलमध्ये 'गच्चीवरची टाकी' आली. लेखक त्र्यंबक इंगवले, म्हणजे आमचे बापू. बापूंनी पूर्तीच्या आधी एकेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या आणि एकेचाळीस वेळा शेवटासाठी शिव्या खाल्ल्या. पोपट त्यांचाच. आता ते अठ्ठावीस प्रकरणं देत आणि गप्प राहत. 'टाकी'त एक कुटुंब नव्या इमारतीत राहायला येतं. रोज दुपारी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून आतून ठोकल्याचा आवाज येतो. तीनदा. अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या शेवटी घरातली मुलगी, सुलभा, लोखंडी शिडी चढते आणि टाकीच्या झाकणाला हात घालते.

स्वानंदीनं ती दोन दिवसांत संपवली. रविवारी दुपारी जेवताना मी विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"शेवट."

तिनं ताटातला भात एका बाजूला सारला. "बरोबर."

"बरोबर म्हणजे?"

"आई, विचारत नाहीत असं. तूच सांगतेस ना."

त्या आठवड्यापासून तिच्या खोलीच्या खिडकीवर दुपट्टा आला. टेबलावरच्या वह्या कप्प्यात गेल्या, कप्प्याला कुलूप लागलं. शनिवारी ती म्हणाली, "तू जाऊन ये वाचनालयात, मला अभ्यास आहे." परीक्षा संपून महिना झाला होता. स्टेशन रोडच्या शहापुरे मॅडमच्या अभ्यासिकेत ती सकाळी जायची आणि सातला यायची. फोनवर तिचा ठिपका मला दिसायचा. दिवसभर हलायचा नाही. तिचा चेहरा उतरला होता. मी रस्त्यानं चालताना मागून हाक मारली की दचकायची.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी कधी तिच्या मागं लागणारी आई नव्हते. तिचे निरोप मी फक्त काळजीपोटी बघायचे, तेही ती आंघोळीला गेल्यावर. वही उघडी पडलेली असली तरच वाचायचे. तिच्या पाटीचं कुलूप मला ठाऊक होतं, कारण आईला ते ठाऊक असावं.

तिला कशाची तरी भीती बसली होती, आणि ती कशाची, हे एका प्रकरणात लिहिलेलं होतं. ते प्रकरण माझ्याच कचेरीत बंद पडलं होतं. हे मला तीन आठवडे सोसलं.

मे महिन्यातल्या मंगळवारी ती आंघोळीला गेली. मी तिची पाटी उघडली, 'टाकी'ला दोन तारे दिले आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: शेवट पटला नाही. कारणे देता आली असती.

हात आपोआप चालला.

*

नियम ७ मला पाठ होता. पण सकाळच्या तक्रारी दहाला टेबलावर येतात आणि नातेवाईक वेगळे काढणारी चाळणी पहिल्यांदा अकराला चालते. दहा ते अकरा माझ्याकडे होते. मी दहा वाजून चार मिनिटांनी टेबलावर बसले आणि माझ्या मुलीचं एकोणतिसावं प्रकरण उघडलं.

झाकण उघडतं. टाकीत पाणी नाही. खाली एक खोली आहे, आणि ती सुलभाचीच खोली आहे. तोच पलंग, तेच टेबल. टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली आहे. ती काहीतरी वाचते आहे. एक पान संपलं की हातातली पेन्सिल टेबलावर उलटी आपटते, तीनदा, आणि पान उलटते. प्रत्येक पानाबरोबर सुलभाच्या मनातलं काहीतरी तिच्याकडून निघून जातं. आधी एक गुपित. मग एका मैत्रिणीचं नाव. मग ती पुढं बोलणार होती ते वाक्य. बाई रागावत नाही. ती फार प्रेमानं वाचते. सुलभा ओरडायला तोंड उघडते आणि बाई, पाठमोरीच, ती ओरडणार असलेले शब्द तिच्या आधी उच्चारते.

एवढंच. बाई वळत नाही.

अशी बाई कोण? दिवसभर पोरीला समोर बसवून तिच्यावर नजर ठेवणारी, वह्या तपासणारी?

मला एकच नाव सुचलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

*

शहापुरे मॅडमची अभ्यासिका म्हणजे एका दवाखान्याच्या वरचा मजला. लाकडी कप्पे केलेली वीस टेबलं. मॅडम दारापाशी बसून लसूण सोलत होत्या.

"तेरदाळे का? या. स्वानंदी आत्ताच खाली गेलीय, पाणीपुरी खायला. सांगू नका मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही मुलांच्या वह्या बघता का?"

"मी? कशाला?"

"त्यांच्या मागं उभं राहता? काय लिहितात ते वाचता?"

मॅडमनी लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. "ओ, मला जवळचं दिसत नाही. मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय झालंय काय?"

मागच्या टेबलांवरच्या मुली माना वर करून बघत होत्या.

"तुमची पोरगी इथं अभ्यास करत नाही, ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "नुसती बसते. वही उघडते, चार ओळी लिहिते, फाडते, बाहेरच्या टोपलीत टाकते. मी म्हटलं, बाई, घरी बस की पंख्याखाली. तर म्हणाली, इथं बरं वाटतं, इथं कोणी वाचत नाही."

जिन्यात पावलं वाजली. स्वानंदी वर आली, हातात पाण्याची बाटली. तिनं मला पाहिलं, मॅडमना पाहिलं, मुलींना पाहिलं. बाटली टेबलावर ठेवली, दप्तर उचललं आणि माझ्या बाजूनं खाली निघून गेली.

*

पाच तारे. शेवट बरोबर. माझा शेवट कधीही कुणाला दाखवू नये, मी गेल्यावरसुद्धा. — कवठेमहांकाळ.

*

बुधवारी मी कचेरीत डोकं धरून बसले होते. मगदूमांनी डबा उघडला, वांग्याची भाजी माझ्याकडं सरकवली.

"ताई, बरं नाही का?"

मी म्हटलं, एक शेवट वाचलाय, डोक्यातून जात नाही. कुणाचा ते सांगितलं नाही. टाकीतली खोली सांगितली. पाठमोरी बाई सांगितली. ती पान संपल्यावर पेन्सिल तीनदा आपटते हे सांगितलं.

मगदूम घास हातात धरून थांबले. मग त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"काय?" मी विचारलं.

"तुम्ही चेष्टा करताय का?"

"नाही."

"ताई, दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसतोय. तक्रार वाचून झाली की टक टक टक. पहिल्या महिन्यात मी जागा बदलून मागितली होती. मग सवय झाली."

माझ्या हातात पेन्सिल होती. उलटी धरलेली. मी ती ठेवून दिली, आणि ती ठेवतानाही हळू ठेवली.

मगदूमांचा चेहरा बदलत गेला. "हे मी वाचलंय," ते म्हणाले. "काल. चाळणीतून माझ्याकडं एक तक्रार आली होती. मूळ शेवट तुम्ही सांगताय तोच. सुधारित आला, नेम चांगला वाटला." त्यांनी घास डब्यात परत ठेवला. "नाव बघायला पाहिजे होतं. मी नाव बघत नाही ताई. साडेबारा वाजत आले होते."

सुधारित शेवट तयार व्हायला दीड तास लागतो. मी दहा ते अकराचा हिशोब वाचण्यासाठी केला होता. थांबवण्यासाठी केलाच नव्हता.

"मंजूर केलात?"

"हो."

"त्यात काय आहे?"

मगदूमांनी डब्याचं झाकण लावलं. "बाई वळते," ते म्हणाले.

*

मी घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. स्वानंदी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पाटी समोर, पट्टी मनगटावरून काढून शेजारी ठेवलेली. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं.

"दुसरा शेवट आला," ती म्हणाली. "मी मागितला नव्हता."

मी पर्स खुर्चीला अडकवली.

"वर लिहिलंय, तक्रारीबद्दल आभार. खाली माझी तक्रार छापलीय." तिनं पाटी माझ्याकडं फिरवली. "कारणे देता आली असती."

"नंदू, मला काळजी—"

"पहिल्यात ती वळली नव्हती. मला वाटलं होतं, असेल कुणीतरी. कुणीही असेल. मी स्वतःला सांगत होते ना रोज, की कुणीही असेल." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आता तू वाचलंस. म्हणजे त्या गोष्टीत होतं तसंच झालं. मला भीती वाटत होती आणि तू ती वाचलीस."

"तू काही सांगत नव्हतीस."

"हो. एवढी एकच गोष्ट होती, जी मी सांगत नव्हते."

पाण्याची मोटार कुठंतरी सुरू झाली.

"मी अकरावी बेळगावला करते," ती म्हणाली. "आत्या हो म्हणाली. बाबांनापण विचारलंय. सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. पालकांची सही लागते. तुझी नको असेल तर बाबा तिकडून करतील."

ती उठली, खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. दूध संपलंय. इस्त्रीवाला आला होता. मी उत्तर देण्याआधी प्रत्येक वेळी हातांकडं बघायचे. हात मांडीखाली घेऊन बसायचे.

माफी मागायचे मी सात प्रयत्न केले. प्रत्येक वेळी वाक्य पूर्ण व्हायच्या आधी तिला ते माहीत असायचं. तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. टाकीतल्या सुलभाचं काय होत असेल ते मला तेव्हा थोडं कळलं.

*

तक्रार कक्षातले लोक पट्टी बांधत नाहीत. नियम नाही, सवय आहे. हलवाई जिलेबी खात नाही तशी.

शनिवारी मी पट्टी बांधली आणि 'गच्चीवरची टाकी' पहिल्या पानापासून उघडली. शनिवारचा सगळा दिवस आणि रविवारची सकाळ. मला ठाऊक होतं की प्रत्येक वाक्य मला चाचपतंय, तरी जिन्यातल्या अंधारावर माझी नाडी हलली नाही आणि शाळेतून घरी आलेल्या रिकाम्या डब्यावर हलली. पट्टी गरम झाल्यासारखी वाटायची. रविवारी अकराच्या सुमारास सुलभानं झाकणाला हात घातला.

माझ्या एकोणतिसाव्या प्रकरणात टाकीत कुणी नाही. खोली आहे. पलंगाची चादर ताणलेली, टेबल पुसलेलं, कपाट रिकामं. सगळं इतकं नीट आवरलेलं की इथं कुणी राहत होतं असं वाटू नये. टेबलावर एक वही. सुलभा ती उघडते. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. ती टेबलाशी बसते आणि उलटत राहते. पानं संपत नाहीत. वर कुणीतरी झाकण लावून घेतं आणि ती मान वर करत नाही, कारण पुढच्या पानावर काहीतरी असेल.

मी ते तीनदा वाचलं. मग कचेरीच्या चावीनं कचेरीत गेले. रविवारचा शुकशुकाट होता. जुन्या छपाईयंत्रात कागद घातला. शेवट कागदावर काढायला मनाई आहे. नऊ पानं निघाली. दहावं मी कोरं जोडलं.

घरी येऊन ती दहा पानं जेवणाच्या टेबलावर ठेवली. वर पेन्सिल. तिच्या दाराबाहेर उभी राहून म्हटलं, "माझा शेवट ठेवलाय. वाचायचा तर वाच. मी बाहेर जातेय. फोन इथंच आहे."

फोन टेबलावर ठेवला आणि चप्पल घातली.

मी गणेश तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. भाजी घेतली, दोन जुड्या मेथी, जास्तच. कुणाला विचारायची सोय नव्हती, घरात काय चाललंय ते कुठं दिसायची सोय नव्हती. खिशाकडं सारखा हात जात होता. एक तास वीस मिनिटं मला काहीही माहीत नव्हतं. मुलगी झाल्यापासून पहिल्यांदा.

परत आले तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ती घरात नव्हती. चप्पल नव्हती. टेबलावर कागद जसेच्या तसे होते. फक्त दहावं पान वर आलं होतं.

बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर. पेन्सिल.

'शेवट ओढूनताणून. मुलगी जाणार आहे हे पटतं. पण ती टेबल पुसून, चादर ताणून जाईल हे कुणाला खरं वाटेल? ती पसारा टाकून जाईल आणि गणपतीत येऊन त्यात भर घालेल. वही मात्र घेऊन जाईल. कारणे देता आली असती.'

त्याखाली थोडी जागा सोडून:

'मी खाली वाण्याकडं गेलेय. वेळ लागेल. फॉर्म फ्रिजवर आहे.'

मी फ्रिजवरचा फॉर्म घेतला आणि त्यावर काय लिहिलंय ते न वाचता खाली सही केली. मग पेन्सिल उचलली, दहाव्या पानावर तिच्या मताखाली काहीतरी लिहावं म्हणून. बराच वेळ धरून बसले. मग तशीच आडवी ठेवली.

तिच्या खोलीत दिवा चालू राहिला होता. टेबलाचा कप्पा अर्धा बाहेर होता, कुलूप उघडं, आत वह्या. मी दारापर्यंत गेले. दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन मेथी निवडायला बसले.

*

इंगवले बापूंनी स्वतः लिहिलेलं एकोणतिसावं प्रकरण फेब्रुवारीतच काजळरेघेकडं आलं होतं आणि मी वाचेपर्यंत कुणी उघडलं नव्हतं. त्यात टाकीत फक्त पाणी निघतं. फ्लोटचा दांडा सैल असतो आणि पाणी चढलं की पत्र्यावर आपटतो. सुलभा तो पान्यानं घट्ट करते, झाकण लावते आणि जेवायला खाली जाते.